काहीही न बदलता

बिनचूकरावांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारे आता फक्त बँकेतले लोक उरले होते. कचेरीत त्यांनी उभी हयात इतरांनी लिहिलेले कागद तपासण्यात घालवली. एखाद्या मसुद्यात चूक सापडली की त्यांना इतका आनंद होई की ती करणाऱ्याला ते स्वतःच्या खिशातून चहा पाजत. ‘बिनचूक’ हे नाव तिथलेच. निवृत्तीच्या दिवशी ते फुलांच्या गुच्छाबरोबर घरी आले. गुच्छ चार दिवसांत वाळला, नाव राहिले.

घरी तपासण्यासारखे फारसे काही नव्हते. सकाळी खिडकीकडे तोंड करून मनगटावरचे घड्याळ लावायचे, मग वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल खुणा करायच्या. एवढे झाले की दिवस आ वासून समोर उभा राही. वाण्याचे बिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना, जावयाने पाठवलेला वाढदिवसाचा निरोप, सगळे तपासून झाले होते. जावयाच्या निरोपावर तर शेरा मारून तो परत पाठवला गेला होता. “आता माझ्या बोलण्यात चुका काढायच्या आत या माणसाला कुठेतरी गुंतवा,” असे काकूंनी ग्रंथपालबाईंना सांगितले. काकू म्हणजे बिनचूकरावांची बायको. इमारतीतले झाडून सगळे तिला काकूच म्हणत.

ग्रंथपालबाई नगरकोश चालवत. नगरकोश हा संगणकावरचा शहराचा कोश. शहरातल्या कुणीही त्यात पान लिहावे, कुणीही सुधारावे. पुलांची पाने होती, गल्ल्यांची होती, बंद पडलेल्या गिरण्यांची होती.

“काका, काम अगदी सोपं आहे,” बाई म्हणाल्या. “गेल्या महिन्यात आम्ही पानांच्या माथ्यावरचा साचा बदलला. पण जुन्या पानांना ते अजून कळलेलंच नाही. ती यादीतून गायब झालीत. तुम्ही एकेक पान उघडायचं, ‘संपादन’ दाबायचं आणि काहीही न बदलता ‘जतन करा’ दाबायचं. पान जागं होतं आणि आपणहून यादीत जाऊन बसतं.”

“काहीही न बदलता?”

“काहीही.”

“आणि चूक दिसली तर?”

“दिसू दे.”

“हे यंत्र स्वतः का करत नाही?” बिनचूकरावांनी विचारले.

“करतं ना. पण सवडीने. त्याच्याकडे कामांची रांग आहे, आणि आपलं प्रदर्शन तर महिनाअखेरच्या रविवारी. जुन्या दुकानांची यादी मोठ्या पडद्यावर थेट कोशातून दिसणार आहे. जे दुकान यादीत नाही, ते पडद्यावर नाही.”

जिच्याकडे कामांची रांग आहे अशा कुठल्याही कचेरीबद्दल बिनचूकरावांना आदर होता. त्यांनी होकार दिला.

घरी आल्यावर काकूंनी पहिला प्रश्न विचारला, “माझ्या बाबांचं पान आहे ना यादीत?”

काकूंचे वडील घड्याळे दुरुस्त करत. पुलाच्या तोंडाशी त्यांचे इवलेसे दुकान होते. दोन माणसे आत शिरली की तिसऱ्याला पुलावर थांबावे लागे. त्या दुकानाचे पान गेल्या वर्षी काकूंनीच लिहिले होते. कितीतरी दुपारी त्या संगणकापुढे बसल्या होत्या. एक वाक्य लिहायचे, चष्मा काढून डोळे पुसायचे, पुन्हा लिहायचे. बिनचूकरावांनी तेव्हा “मी एकदा नजर टाकू का?” असे विचारले होते आणि काकूंनी “खबरदार!” म्हटले होते. आता यादीत पाहिले, तर ते पान नव्हते.

“येईल,” बिनचूकराव म्हणाले. “‘हातघड्याळांचे दुकान’ म्हणजे ह मध्ये. मी अ पासून सुरू करतोय. क्रमाने येईल.”

“आधी तेवढं एक करून टाकता नाही येणार?”

“क्रम म्हणजे क्रम.”

काकूंनी त्यांच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला. त्यात अजून अर्धा चहा होता, ही गोष्ट वेगळी.

अशी ती दुपारची कामे सुरू झाली. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला असे. उन्हाची एक पट्टी टेबलावरून हळूहळू सरकत जाई. समोर एक पान उघडे. अनाथ बाकडे, नदीकाठचे: या बाकड्यावर कुणाच्या स्मृतीची पाटी नाही. जतन करा. पान क्षणभर पांढरे होई, पुन्हा जसेच्या तसे दिसे, आणि तिकडे यादीत बाकड्याचे नाव उमटे. आंधळा जिना, जुन्या टपालघराचा: वर गेल्यावर दार नाही. जतन करा. पहिले काही दिवस चुका पाहून त्यांच्या बोटांना मुंग्या येत. एका पुलाची लांबी एकाच पानावर दोन ठिकाणी दोन होती. त्यांनी डोळे मिटून जतन केले आणि उठून पाणी प्याले.

पण मग काहीतरी निराळेच होऊ लागले. बदलायचे नाही असे एकदा ठरल्यावर पाने नुसती वाचता येऊ लागली. उभ्या आयुष्यात बिनचूकरावांनी कागद वाचला नव्हता, फक्त तपासला होता. आता गल्ल्या एकेक करून डोळ्यांपुढे उलगडू लागल्या. बंद गिरणीचा भोंगा, त्या भोंग्यावर चूल पेटवणाऱ्या बायका, फक्त एकाच मापाच्या टोप्या शिवणारा शिंपी. वाचता वाचता त्यांचा डोळा लागे. मग तो शिंपी त्यांच्या डोक्याचे माप घेई, भोंगा वाजे, आंधळ्या जिन्यावरून वर जावे तर तिथे दार असे आणि दारामागे पुन्हा उन्हाची पट्टी. अर्ध्या झोपेतही उजव्या हाताचे बोट बरोबर कळीवर पडे. सगळे शहर आपल्या बोटाखाली एकदा डोळे उघडते आणि कूस बदलून पुन्हा झोपते, असे त्यांना वाटे. इतके सुख त्यांना पगारवाढीच्या दिवशीही झाले नव्हते.

संध्याकाळी काकू विचारत, “मग, आज काय केलंत?”

“काही नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही बदललं नाही. तेच तर काम आहे.”

“असं काम तर मला पण जमतं. आजपर्यंत कुणी नेमलं नाही, एवढंच.”

हे बिनचूकरावांना लागले. त्यांनी पुरावा दाखवायचे ठरवले. नगरकोशात प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कुणी केव्हा काय बदलले याची तिथे नोंद राहते. प्रत्येक सभासदाला ‘माझे योगदान’ असते. बिनचूकरावांनी काकूंना शेजारी बसवून मोठ्या रुबाबात ‘माझे योगदान’ उघडले. तिथे लिहिले होते: या सभासदाने अद्याप काहीही केलेले नाही.

काकूंना हसू आवरेना. त्यांनी आत जाऊन पोटभर हसून घेतले.

आता विचार करा. ज्या माणसाच्या सहीवाचून कचेरीतला कागद जागचा हलत नसे, त्याला एक यंत्र म्हणते की तू काहीही केलेले नाहीस. बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “काहीही न बदलता जतन केलं की पान ताजं होतं, पण नोंद होत नाही. नोंद बदलाची होते.” बिनचूकरावांनी मान डोलावली आणि घरी येऊन जेवले नाहीत.

ही बातमी इमारतीत फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. समोरच्याचे तोंड उघडे असताना, त्याला उत्तर देता येत नसताना बोलायची त्यांना सवय होती. ती त्यांनी दवाखान्याबाहेरही सोडली नव्हती. “अहो, अगदी सोपं आहे!” ते म्हणाले. “पानाच्या शेवटी एक मोकळी जागा सोडायची. दिसत तर कुणालाच नाही, पण बदल तो बदल! नोंद होणारच.”

बिनचूकरावांनी एका पानाच्या अखेरीस एक मोकळी जागा सोडली. यंत्राने ती आल्या पावली छाटून टाकली. दोन सोडल्या, दोन्ही छाटल्या. एक आख्खी दुपार ते पानांच्या शेवटी रिकाम्या जागा लावत होते आणि यंत्र त्या पुसत होते. शेवटी ‘माझे योगदान’ होते तिथेच होते. काहीही न केल्याची नोंद होत नाही हे त्यांना ठाऊक होते. काहीतरी करूनही होत नाही, हे मात्र नवीन होते.

तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांनी प्रकरण ऐकून घेतले. “मोकळ्या जागेला पुरावा म्हणून किंमत शून्य,” ते म्हणाले. “काहीतरी दृश्य हवं. एक ठिपका द्या. पानाच्या तळाशी, एकटा, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. ठिपक्याने आजवर कुणाचं वाकडं झालंय?”

बिनचूकरावांच्या मनाला ते पटत नव्हते. ज्याने जन्मभर लोकांचे नको ते ठिपके खोडले, त्याने आता ठिपके देत फिरावे? पण काकूंचे ते आतल्या खोलीतले हसू कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पहिला ठिपका दिला, ‘कापडबाजारातला हौद’ या पानाच्या तळाशी. इतिहासात त्यांचे नाव उमटले. अंगावरून मोरपीस फिरल्यासारखे वाटले. मग त्यांचा हात थांबेना. अ पासून ह च्या अलीकडची सगळी अक्षरे, ज्यांचे काम आधीच झाले होते ती पानेसुद्धा! उन्हाची पट्टी टेबलावरून उतरून भिंतीला लागली तरी ते ठिपके देतच होते.

मग पडद्यावर एक लाल चौकट आली. तुम्हाला संपादनास मनाई करण्यात आली आहे. कारण: ठिपके.

नुसते ‘ठिपके’. पुढे ना खुलासा, ना ‘कृपया’. कचेरीत शिपायालाही निलंबित करताना पानभर मजकूर लिहिला जाई आणि तो बिनचूकराव तपासत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनाईविरुद्ध दाद मागायची सोय होती. ती ‘चर्चापान’ नावाच्या आपल्या निरोपांच्या पानावर लिहून मागायची होती आणि चर्चापानावर लिहायला मनाई होती.

शिवाय खरा कळस पुढेच होता. गणिताचे एक मास्तर नगरकोशाचे सभासद होते. त्यांनी स्वयंस्फूर्तीने सगळे ठिपके पुसले. प्रत्येक ठिपका पुसणे हा बदल. त्या आठवड्याच्या सर्वाधिक योगदानाबद्दल मास्तरांचे नाव पहिल्या पानावर झळकले आणि खाली कुणीतरी फुलांचे चित्र टाकले.

बिनचूकरावांनी हे घरात कुणाला कळू दिले नाही. ते रोज दुपारी नेमाने संगणकापुढे बसत, पान उघडत, बोट कळीवर नेत. लाल चौकट येई, ते ती मिटवत. काकू मधूनच डोकावून जात. बंदीपूर्वीचे काम आणि बंदीनंतरचे काम बाहेरून पाहणाऱ्याला अगदी सारखे दिसत होते, एवढाच काय तो दिलासा. पण झोप मात्र पूर्वीची राहिली नाही. आता स्वप्नात आंधळा जिना चढून गेले की वर दारही नसे आणि ऊनही नसे. पुलाच्या तोंडाशी एक इवलेसे दुकान दिसे. आत दिवा असे, पण फळी बंद.

“ह आला का?” काकूंनी एकदा विचारले.

“जवळ आलाय.”

“रविवारी मावशी येणार आहे प्रदर्शनाला. तिला नीट चालवत नाही, तरी येते म्हणाली. बाबांचं दुकान पडद्यावर बघायचंय तिला.” काकू जाता जाता दारात वळल्या. “तेवढं एक पान राहिलं नाही म्हणजे मिळवली हो. मी दुसरं काही मागत नाही.”

बिनचूकरावांना वाटले, धरणी दुभंगावी. काकूंना खरे सांगितले असते तर त्यांनी आपल्या खात्यातून क्षणात ते पान जतन केले असते. पण मग ठिपक्यांची सगळी कहाणी सांगावी लागली असती, शिवाय क्रमाचीही. ते ग्रंथालयात धावले. ग्रंथपालबाई प्रशिक्षणाला परगावी गेल्या होत्या, त्या थेट रविवारी येणार होत्या. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “मनाई उठवायला लेखी अर्ज लागेल. दोन सभासदांची शिफारस.” वकीलसाहेब आणि दातांचे डॉक्टर शिफारस द्यायला एका पायावर तयार झाले. पण ते सभासद नव्हते. सभासद होण्यासाठी त्यांनी अर्ज केले. ते मंजूर करायला बाई हव्या होत्या.

रविवारी सकाळी बिनचूकराव इतके सैरभैर होते की त्यांनी शर्टाची बटणे एक घर सोडून लावली. ग्रंथालयाच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. पडद्यावर दुकानांची नावे सावकाश वर सरकत होती आणि जुने दुकानदार, त्यांची मुले, नातवंडे आपापले नाव आले की एकमेकांना कोपराने ढोसत होती. पहिल्या रांगेत काकू होत्या, शेजारी काठी धरून मावशी. यादी ह पर्यंत आली. हातमागाचे दुकान. हार्मोनियम दुरुस्ती. यंत्राच्या रांगेतून ह मधली एवढीच पाने जागी झाली होती. मग यादी संपली आणि पुन्हा अ पासून सुरू झाली. मावशींनी काकूंकडे पाहिले. काकूंनी मागे वळून पाहिले नाही, आणि हेच बिनचूकरावांना सहन होईना.

ग्रंथपालबाई कोपऱ्यातल्या संगणकापाशी होत्या. बिनचूकराव त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“ठिपके मीच दिले,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे, काका. तुमच्या नावानेच आहेत ते.”

“चुकलो.” ‘चूक’ हा शेरा त्यांनी इतरांच्या कागदांवर अनेकदा मारला होता, पण ‘चुकलो’ हा शब्द स्वतःच्या तोंडून काढायची ही पहिलीच वेळ. “आता एकच पान जतन करायचंय. माझ्या सासऱ्यांचं. नंतर हवं तर जन्माची बंदी घाला.”

बाईंनी त्यांच्या वेड्यावाकड्या बटणांकडे पाहिले, काही कळा दाबल्या आणि खुर्ची त्यांना दिली. “काहीही न बदलता हं,” त्या म्हणाल्या.

‘हातघड्याळांचे दुकान’ उघडले. एव्हाना दातांचे डॉक्टर आणि वकीलसाहेब खुर्चीमागे येऊन ठाकले होते. “हीच संधी आहे,” डॉक्टर कानाशी पुटपुटले. “पानाखाली शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव येतं. एक शब्द घाला. नुसता ‘सुप्रसिद्ध’ घाला! सगळ्या दालनाला तुमचं नाव दिसेल.” वकीलसाहेब म्हणाले, “आणि आता ठिपका नको, शब्दच हवा.”

बिनचूकरावांनी ऐकले नाही. ते वाचत होते. काकूंनी लिहिले होते की दुकानात इतकी घड्याळे असत की बाबा बोलायचे थांबले की टिकटिक मोठी झाल्यासारखी वाटे. की बाबा गिऱ्हाइकाला घड्याळ परत देताना आधी स्वतःच्या कानाला लावत. आणि शेवटी एक वाक्य होते: ‘बाबांनी दुरुस्त केलेले घड्याळ कधी मागे पडले नाही.’

हे धडधडीत खोटे होते. लग्नाआधी बिनचूकरावांनी आपले घड्याळ त्याच दुकानात दुरुस्तीला दिले होते. ते परत आल्यापासून आजतागायत रोज मागे पडत होते. तक्रार करायला म्हणून ते दुकानात पुन्हा पुन्हा गेले आणि गल्ल्यावर सासऱ्यांची मुलगी बसलेली असल्यामुळे दर वेळी तक्रार न करता परत आले. अख्ख्या नगरकोशात एवढी ठाम, एवढी सिद्ध करता येण्याजोगी चूक त्यांना सापडली नव्हती. पुरावा मनगटावर होता. हात आपोआप कळफलकाकडे गेला.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते: शेवटचा बदल, आणि पुढे काकूंचे नाव.

बिनचूकरावांनी हात मागे घेतला. मग एकच बोट पुढे केले आणि जतन करा दाबले. पान क्षणभर पांढरे झाले. पुन्हा जसेच्या तसे दिसले. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

पडद्यावरची यादी सरकत सरकत ह पर्यंत आली. हातघड्याळांचे दुकान, पुलाजवळचे. बाईंनी ते पान पडद्यावर उघडले. भिंतभर फोटोतले सासरे दिसू लागले, डोळ्याला भिंग, ओठांत बारीक पेचकस. मावशी काठी विसरून उठून उभ्या राहिल्या. “अगं, हा तर बोलेल आता!” त्या म्हणाल्या. खाली काकूंचे नाव होते. दुसरे कुणाचे नव्हते. बिनचूकरावांचा जीव भांड्यात पडला आणि डोळे भरून आले. चष्म्यावर धूळ बसली असेल म्हणून त्यांनी तो पुसला.

मावशींना रिक्षात बसवून दिल्यावर काकू रिकाम्या होत चाललेल्या दालनात त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. खिडकीतून आलेले ऊन खुर्च्यांच्या पाठींवर पडले होते. पडदा बंद केला होता तरी बिनचूकरावांना तिथे अजून सासरे दिसत होते.

“काय केलंत तुम्ही?” काकूंनी विचारले.

“काही नाही.”

“ते शेवटचं वाक्य वाचलंत?”

“वाचलं.”

“मग?”

“बरोबर आहे,” बिनचूकराव म्हणाले.

“रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून घड्याळ पुढे करता,” काकू म्हणाल्या. “इतकी वर्षं. मला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला?”

“कधी बोलली नाहीस,” बिनचूकराव म्हणाले.

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

काकूंनी त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला, मनगट उन्हाकडे वळवले आणि घड्याळाकडे पाहिले. “आज विसरलात,” त्या म्हणाल्या. मग दालनातल्या भिंतीवरचे घड्याळ बघून त्यांनी काटे पुढे सरकवले, आणि बापासारखेच, ते आधी एकदा स्वतःच्या कानाला लावले. हातासकट.